पहिलं वर्ष माफ

माझे यजमान फौजेतून पेन्शनवर घरी आले तेव्हा लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती. पण त्यांच्या सगळ्या सुट्ट्या एकत्र केल्या तरी आमचा संसार जेमतेम दोन वर्षांचा भरला असता. मी वरवंडला, ते कधी राजस्थानात, कधी आसामात. दोघंही बारावी. त्यांनी निकालानंतर दौंड स्टेशनावरून भरतीची गाडी धरली होती आणि माझं निकालानंतर लग्न झालं होतं.

घरी आल्यावर त्यांनी बँकेच्या नोकरीचं मनावर घेतलं. त्याला पदवी हवी. एका संध्याकाळी शेळ्यांना घास टाकता टाकता ते म्हणाले, "मी कॉलेजात नाव घालतोय. तू बी घाल."

"मी? या वयात?"

"मंग माझं वय काय कमी हाय व्हय?"

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. आता त्या नको म्हणणार, असं मला वाटलं. "जा की," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीला बघते मी. रविवारचंच हाय न्हवं?"

मुक्त विद्यापीठाच्या दौंडच्या केंद्रावर जागा उरली नव्हती, म्हणून आम्ही शिरूरला गेलो. तिथल्या सरांनी यांची फौजेतली सर्टिफिकिटं चाळली. वायरलेसचं ट्रेनिंग, नकाशावाचन, हवालदार होताना केलेला कोर्स. मग मान वर करून म्हणाले, "फौजी, तुमचं हे शिकणं विद्यापीठ धरतं. त्याचे श्रेयांक मिळतील. पहिलं वर्ष माफ, थेट दुसऱ्या वर्षाला बसा."

मला आनंद झाला. यांचा चेहरा मात्र उतरला. "आन् हिचं?"

"वहिनींना पहिल्यापासून करावं लागेल."

"मंग मला बी पहिल्यालाच घाला, सर."

सर हसायला लागले. शेवटी मीच म्हणाले, "अहो, बँकेची वयाची अट तोंडावर आलीय. मिळतंय ते घ्या."

त्यांनी घेतलं. असे आम्ही एकाच कॉलेजात, पण शेजारशेजारच्या वर्गांत. त्यांचे सर मोठ्यानं बोलत, भिंतीपलीकडून ऐकू येई. मधेच यांचा प्रश्न ऐकू आला की माझं लिहिणं थांबायचं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पायरीवर बसून डबा खायचो. बाकीची पोरं चेष्टा करायची, "काका, काकूंना घ्या की तुमच्या वर्गात." ते लाजायचे. इतकी वर्षं बंदूक धरलेला माणूस असा लाजतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

येताना पारगावच्या पुलावर ते मोटारसायकल थांबवत. खाली भीमा, दोन्ही अंगांना ऊस. तिथं उभं राहून मी त्यांना दिवसभराचं सांगायची, ते मला. लग्न झाल्यापासून आम्ही एवढं कधी बोललोच नव्हतो. सुट्टीवर आले की पाहुणे, शेत, दवाखाना आणि परत जायची बॅग, यातच दिवस संपायचे.

भूगोलाच्या पुस्तकातल्या, डोंगराची उंची दाखवणाऱ्या समोच्चरेषा मला काही केल्या कळेनात. त्यांनी अंगणात ओल्या मातीचा ढीग केला, सुतळीचे लहान-मोठे वेढे त्याच्यावर बसवले आणि म्हणाले, "आता उभी ऱ्हा आन् वरनं बघ." वरून पाहिलं तर पुस्तकातलं चित्रच! मुलीनं टाळ्या पिटल्या, सासूबाईही वाकून बघून गेल्या.

दोन वर्षांनी त्यांना पदवी मिळाली आणि पाठोपाठ बँकेची ऑर्डर आली. पोस्टिंग लातूर जिल्ह्यात. थेट दुसऱ्या वर्षाला मीच त्यांना ढकललं होतं. त्यांनी ऑर्डर वाचून परत पाकिटात घातली.

"नको जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"जा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. पहिल्या रविवारी मी एसटीनं एकटी शिरूरला गेले. शेजारच्या वर्गात कुणीतरी प्रश्न विचारला, तो आवाज परका होता. पायरीवर बसून मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. संध्याकाळी घरी आले, तोच त्यांचा फोन आला.

"आज काय शिकवलं?"

"तुमचं झालंय ते सगळं. काय सांगू?"

"तरी सांग."

मी वही काढून पहिल्या तासापासून सांगत गेले. ते तिकडून फक्त "हं, फुडं?" म्हणायचे. मग दर रविवारी तसंच. परीक्षेच्या दिवसांत ते रजा काढून आले, केंद्राबाहेर उभे राहिले. मी पास झाले, पुढं अंगणवाडीत लागले.

आता ते बँकेतूनही निवृत्त झालेत. दिवसभर घरीच असतात, आम्ही बोलतोही पुष्कळ. तरी दोन निसटत्या वह्या मधे धरून मी गाडीवर त्यांच्या मागं बसायची, त्या रविवारांसाठी जीव तुटतो. मघाशी चहा देताना त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "मला पहिलं वर्ष माफ केलं नसतं, तर आनखी एक वरीस मिळालं असतं बघ."