स्वयंपाकीण सापडली का?

अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हाच्या एका बड्या पुढाऱ्याच्या पत्रांचा जाड खंड वाचनालयात माझ्यासमोर उघडा आहे. सरकारी आणि घरगुती पत्रं एकत्र, तारखेप्रमाणे लावलेली. आमच्या संघटनेच्या पत्रकासाठी स्वातंत्र्यावरचं एक खणखणीत वाक्य हवं होतं. डाव्या पानावर ते मिळालं. उजव्या पानावर त्याच दिवशी घरच्या कारभाऱ्याला लिहिलेलं पत्र आहे: पळून गेलेल्या गुलाम स्वयंपाकिणीला शोधा, पण गाजावाजा नको.

दोन्ही पत्रांच्या हस्ताक्षराचे फोटो छापलेत. दुसरं लिहिताना हात कुठेतरी अडखळला असेल, म्हणून मी अक्षर न् अक्षर बघितलं. कुठेच नाही. तीच ऐटबाज सही. सभेत एक आणि घरात एक बोलणारे पुढारी आम्ही रोज बघतो, पण त्यांचा निदान आवाज तरी बदलतो.

"वाक्य सापडलं का रे? प्रेसवाला थांबलाय," सोबत आलेली सुषमा कुजबुजली.

"थांब. ती सापडली का बघतोय."

"ती कोण?"

मी पत्र दाखवलं. तिने खुर्ची ओढली. तह, कर, नेमणुका मागे टाकत आम्ही पानं उलटत राहिलो. कारभाऱ्याला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न, ती सापडली का, दर वेळी जास्त चिडून. मग एकाएकी तो प्रश्न थांबला. मी घाईघाईने पान उलटलं.

पुढच्या पत्रात एवढंच होतं: आता नवी स्वयंपाकीण बघा.

"म्हणजे ती सापडलीच नाही," मी म्हणालो. सुषमाने रोखलेला श्वास सोडला.

"पत्रकावर हेच वाक्य घे," ती म्हणाली.