थर्मामीटर गार होईपर्यंत

"आधी त्याला गार होऊ द्या, भाऊसाहेब." थर्मामीटर हातात घेतला की नर्सबाईंचं हे वाक्य ठरलेलं. माठातलं पेलाभर पाणी घेऊन त्या तो बुडवायच्या, झटकायच्या आणि मगच रोग्याच्या काखेत लावायच्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. पाथर्डीकडे खडी फोडायच्या सरकारी कामावर मी हजेरी कारकून होतो, बाई श्रीरामपूरहून आलेल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, सोबतच्याला वैताग यावा इतकी काटेकोर. खडीवरची एक म्हातारी त्यांना चिडवायची, "आमाला प्याया पानी न्हाई, अन् बाईच्या काडीला रोज आंगूळ!" सगळ्यांत आधी बाईच हसायच्या.

या आंघोळीला कारण होतं. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा, एवढंच बाईंचं मागणं. म्हणून पहिल्या आठवड्यात घेरी येऊन पडलेल्या प्रत्येकाचा ताप त्यांनी वहीत लिहिला. सगळ्यांचा एकशे आठ! तंबूतल्या उकाड्यानंच पारा वर चढून बसत होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वही पाहून कामावरच्या साहेबांनी विचारलं, "एकशे आठ ताप घेऊन माणसं चालत घरी गेली?" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

बाईंनी नवी वही घातली. नाव, वेळ, ताप, सगळं पुन्हा पहिल्यापासून. "आता एकही आकडा चुकला, तर ही माणसं उन्हातच राहतील," म्हणायच्या.

वैशाखातल्या एका दुपारी खडीच्या ढिगाशी त्या स्वतःच कोसळल्या. आम्ही त्यांना तंबूत आणलं, जीपला माणूस धाडला. माठात पेलाभरच पाणी उरलं होतं. मी ते त्यांच्या डोक्यावर ओतणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी त्याला गार होऊ द्या."

थर्मामीटर पेल्यात बुडवला, झटकून त्यांच्या काखेत लावला, आणि मग तेच पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. एकशे सहा. वेळ एक वाजून वीस. बाईंचं पूर्ण नाव मी त्या दिवशी वहीत पहिल्यांदा लिहिलं. थर्मामीटर गार होईपर्यंत पाणी थांबवलं, ते थोडे क्षण मला अजून टोचतात.

जीप पाथर्डीला पोचायच्या आत बाई गेल्या.

साहेब वही घेऊन गेले. या वेळी कोणी हसलं नाही. आठवड्याभरात दुपारची सुट्टी मंजूर झाली.

पहिल्या सुट्टीच्या दुपारी बायका बाभळीखाली तोंडावर पदर घेऊन निजल्या होत्या. ती चिडवणारी म्हातारी मात्र तंबूत आली. तिनं आपल्या वाटणीचं पाणी पेल्यात ओतलं आणि थर्मामीटर अलगद त्यात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या तितंच," ती म्हणाली. "बाईची काडी तापंल."