पन्नासावी गाडी आणि डाव्या दारातली खडखड

मी आठवीतून शाळा सोडली. शुद्धलेखन चुकेल, शब्द साधे असतील, माफ करा. पण आमच्या चिकलठाण्याच्या शेडमधले किस्से पेटीत उरलेल्या स्क्रूंसारखे साचलेत. टाकवत नाहीत!

आम्ही स्वस्तातली स्पोर्ट्स कार बनवायचो. फायबरची बॉडी, लाल रंग, दोनच सीट. रहीमचाचा इंजिन बसवायचे. कांबळेमामा आणि मी दारं.

एकदा फुलंब्रीचे एक पाटील बायको-पोरांसह गाडी बघायला आले.

"मागचं सीट कुठंय?"

"स्पोर्ट्स कारला नसतं," मी कसंबसं बोललो.

"मंग लेकरं काय मागून पळत येतील?"

*

गाडी तयार झाली की चाचा ती शेडभोवती फिरवायचे. शेजारी आमच्यातला एकजण दाराला कान लावून बसायचा. खडखड आली, तर स्क्रू आवळून त्याच माणसाला घेऊन पुन्हा फेरी. गिऱ्हाइकाला देण्याआधी चाचा दार आपटून बघायचे. वाजलं, तरी हाच नियम.

फेरीत कोण बसणार, याचे पाटीवर आमचे नंबर लागायचे. मामा मात्र आपला नंबर दुसऱ्याला देऊन टाकायचे.

"आमची पार्वता अजून कारमधी बसली नाय. मी आधी बसून घरी काय सांगू?"

*

एक दिवस आमच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, जाहीर केलं, "पन्नास गाड्या झाल्या की हे मॉडेल बंद! कमी असलं की मान राहतो."

मामा म्हणाले, "साहेब, भाकरी कमी थापल्या म्हणून चव वाढती व्हय?"

चाचांनी हात पुसले. "सस्ती बी बोलते, मिलती बी नै बोलते. तो साब, सस्ती कायकू?"

साहेब हसले. पण आकडा पन्नासच राहिला.

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाचा दिवस. रस्ते बंद. मामांची बायको, आमच्या पार्वतामावशी, मोर्चातून थेट मामांचा डबा घेऊन चालत आल्या.

साहेबांनी विचारलं, "मावशी, नाव बदलून काय होतं?"

"गाडीचं नाव ठरवाया तुमी सहा महिने बसला म्हणं. नावानं काय होत नाय, तर कामून बसला?"

त्या दिवशी साहेबांनी स्वतः मावशींना चहा दिला.

*

पन्नासाव्या गाडीला पाटीवर माझा नंबर होता. मी तो अंगठ्यानं पुसला आणि लिहिलं, 'पार्वतामावशी'. मला तोंडानं सांगायला जमलं नसतं.

साहेब पाटीकडे बघत राहिले. मामा घाईनं म्हणाले, "हिचा कान लई तिखट हाय, साहेब. मांजर चालली तरी उठती!"

"बसू द्या," साहेब म्हणाले.

मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या. चपला बाहेर काढून गाडीत बसल्या. चाचांनी एक फेरी मारली.

मामांनी दार उघडलं. "कसं वाटलं?"

"झाली व्हय? भ्यानं मी डोळेच मिटले होते!"

"अन् खडखड?"

"कायबी नाय," मावशी खरं तेच बोलल्या.

"मंग पास," मामा हळूच म्हणाले आणि मावशींच्या चपला सरळ करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो आणि डाव्या दारातला एक स्क्रू ढिला केला.