डोंगर जाळणाऱ्या बाई

मंगळवारी दुपारी वसईजवळच्या वालीवमागचा डोंगर पेटला. रात्रीपर्यंत जळला. बुधवारी सकाळी बाई वर गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी आग विझवणं सोडलं.

तो राखेचा बुधवार होता, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. बाई पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातल्या. चर्चमधली पहाटेची मिस्सा करून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन त्या रिक्षाने थेट पायथ्याशी आल्या. आम्ही, डोंगरावरची आग विझवणाऱ्या त्यांच्या गटातली चार माणसं, तिथे उभी होतो. त्या तशाच वर चढल्या आणि बराच वेळ घळीत फिरल्या. खाली आल्या तेव्हा कपाळावरची राख कुठली आणि गालावरची कुठली, ते सांगता येत नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी झाकण उघडलं आणि न पिताच बाटली परत दिली.

आधीच्या बाई तुम्हाला सांगायला हव्यात, नाहीतर नंतरच्या कळणार नाहीत.

त्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी तिथली ग्रंथपाल. कॉलेजच्या वरच्या मजल्यावरून डोंगर दिसतो. हिवाळा सरला की बाई शिकवताना फळ्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघत. धुराची रेघ दिसली की खडू ठेवून म्हणत, "बसा, आलेच." मुलं लगेच वह्या मिटायची. बाई त्या दिवशी परत येणार नाहीत, हे त्यांना पाठ होतं. मग बाई, मी आणि गटातले जे सापडतील ते असे आम्ही ओल्या गोणपाटांनी आणि निरगुडीच्या फांद्यांनी आग झोडपत असू. दुसऱ्या दिवशी अर्धी भुवई करपलेल्या बाई पेशीविभाजन शिकवत उभ्या.

डोंगराच्या पायथ्याला एक पाडा आहे. तिथली माणसं थंडीत उतारावरचं गवत थोडं थोडं जाळायची, म्हणजे गुरांना नवा कोंब मिळतो. बाईंनी ते बंद करायला लावलं. एक म्हातारी होती, आम्ही तिला आजी म्हणायचो, ती बाईंशी बरेच दिवस भांडली. बाईंनी तिला तक्ते दाखवले, जळालेल्या घरट्यांचे फोटो दाखवले. शेवटी आजी थकली. एवढं बोलणाऱ्या माणसाचं एकदा ऐकून टाकावं, म्हणजे ती गप्प बसेल, असं काहीसं ती सुनेला म्हणाली. बाई ही गोष्ट स्वतःच हसत सांगायच्या.

त्यानंतर बरीच वर्षं डोंगर जळला नाही. आमचा सत्कार झाला, शाली मिळाल्या. कारवी फुलली तेव्हा अर्धी वसई मोबाइल घेऊन वर आली. "बघा, आग नसली की काय होतं," बाई प्रत्येकाला सांगत होत्या. कारवी फुलून गेली की मरते आणि वाळून जागेवर उभी राहते. ती तशी राहिली. पाचोळा साठत गेला. वरच्या वाटेने चालताना पाय गादीवर पडल्यासारखा वाटायचा. आम्हाला ते आवडायचं. जंगल श्रीमंत झालं, असं मीच एकदा म्हणाले होते.

त्या मंगळवारी आम्ही फांद्या घेऊन गेलो, पण जवळ जाताच आलं नाही. अशी धग आम्ही आधी पाहिली नव्हती. पूर्वीची आग गवतावरून पळत जायची. ही जागेवर बसून जळत होती. घळीतल्या कुसुंबाच्या जुन्या झाडांच्या बुंध्याशी ती दुसऱ्या दिवशी सकाळीही धुमसत होती. खाली आजीचा गोठा आणि पेंढ्याची उडवी गेली. गुरं तेवढी वेळेवर सोडली होती.

मार्चमध्ये कुसुंबाला लाल पालवी येते. बाई रोज खिडकीतून घळीकडे बघत राहिल्या. एप्रिलमध्ये झाडांची साल सुटून पडायला लागली, तेव्हा बघणं थांबलं.

आग कोणी लावली, याची मग चर्चा झाली. कोणी म्हणालं, खालच्या कारखान्यांतल्या एखाद्या गाळ्याच्या कचऱ्याची ठिणगी. कोणी म्हणालं, पार्टी करायला आलेली पोरं. बाई एकदाच बोलल्या.

"काडी कोणी ओढली ते शोधू नका. सरण कोणी रचलं ते बघा. आपण आग थांबवली नव्हती. साठवली होती."

'आपण' म्हणताना त्या स्वतःकडेच बघत होत्या. गटात मीही होते. पण ते मी तसंच राहू दिलं.

"यात तुमचा काय दोष?" असं आम्ही सगळे त्यांना म्हणत असू. कोणाला धीर द्यायचा असला की आपण हेच म्हणतो ना? बाईंना ते वाक्य सहन होत नसे. त्या फादरांकडे कुमसाराला, पाप कबूल करायला, जाऊन आल्या. फादर म्हणाले, हे काही पाप नव्हे, तुमचा हेतू शुद्ध होता. वनखात्यातले साहेब म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळे तर इतकी वर्षं डोंगर वाचला. शेवटी त्या पाड्यात गेल्या आणि आजीसमोर उभं राहून म्हणाल्या, माझी चूक झाली. आजी सुपाने भात पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"डोंगर तुजा हाय का, तुजी चूक व्हायला?"

हे सांगताना बाई हसल्या. मग म्हणाल्या, "कोणी घेतच नाही गं माझ्याकडून. मी हे ठेवू कुठे?"

त्यांनी ते माझ्या ग्रंथालयात आणून ठेवलं, असं मला वाटतं. निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना ही बाई शेवटच्या टेबलावर येऊन आग शिकायला लागली. मी कुठून कुठून लेख मागवून द्यायची. दूरदेशी लोक डोंगर मुद्दाम, ठरवून, थोडा थोडा जाळतात, याबद्दल त्या वाचत. वाचताना मधेच मान वर करून मला सांगत. पाचोळा कमी असला आणि जमीन ओली असली की आग वरच्यावर निघून जाते, बोटभर खाली बी जिवंत राहतं. पाचोळा जाड असला की ती थांबते, आणि थांबली की मुळापर्यंत मातीच भाजून काढते. मग पहिल्या पावसात ती माती पाणी धरत नाही, वाहून जाते. दरवर्षी जाळलं तर रोपं कधी वाढत नाहीत, नुसतं गवत उरतं. कधीच नाही जाळलं तर काय होतं, हे वाक्य त्या अर्ध्यावर सोडत.

"आग चांगली की वाईट, असं नसतंच गं. कधी आली आणि किती वेळ थांबली, ते विचारायचं."

एकदा कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी दोन घमेल्यांत माती भरली. एकावर मूठभर गवत, दुसऱ्यावर वीतभर पाचोळा. मातीत थर्मामीटर खुपसले आणि पेटवून दिलं. धूर बघून प्राचार्य धावत वर आले, त्यांच्या मागे बादली घेऊन शिपाई. बाईंनी हात वर करून त्यांना जागीच थांबवलं. "सर, एक मिनिट. पारा चढतोय." प्राचार्य पुढे कित्येक दिवस बाई दिसल्या की गच्चीची किल्ली खिशात चाचपून बघत.

आता बाईंच्या पर्समध्ये काड्यापेटी असायची. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली की बाई या वयात सिगारेट ओढायला लागल्या. बाईंच्या कानावर ते गेलं. त्या म्हणाल्या, "ओढली असती, पण धूर फुकट जातो."

मग त्या वनखात्याच्या मागे लागल्या. उतारावर, घळीच्या आणि पाड्याच्या मधून, एक रुंद पट्टा थंडीतच जाळून ठेवायचा. म्हणजे उन्हाळ्यात आग आली तर तिथे तिला खायला काही नसेल. वनखातं अशा जाळरेषा काढतंच, पण या उतारावर आमच्याच गटाने त्या थांबवल्या होत्या. जुने अर्ज बाईंच्याच सहीचे. साहेबांनी ते काढून टेबलावर ठेवले. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाल्या, "बाई हुशार होत्या. चुकल्या होत्या." परवानगी मिळाली.

पहिल्या सकाळी आम्ही काड्यापेट्या, झाडू आणि पाण्याचे डबे घेऊन पाड्यावरून निघालो. आजी ओट्यावर बसली होती.

"बाय, तुमी आग इझवाया आल्या का लावाया? येक काय ते ठरवा."

"लावायला," बाई म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात तर."

आजी बराच वेळ हसली. मग एक झाडू घेऊन आमच्याबरोबर निघाली.

बाई थोडं गवत तोडून मुठीत घेत आणि कानाशी नेऊन चुरगळत. कुरकुरलं की म्हणत, "आज बोलतंय. आज नको." आम्हाला दोनदा त्यांनी तसंच परत आणलं. तिसऱ्या खेपेला गवत गप्प होतं, दव होतं, वारा नावापुरता. वनरक्षक खालून पेटवायला निघाला, तर बाईंनी त्याला वर पाठवलं. आग चढताना धावते आणि उतरताना रांगते, म्हणून वरून लावायची. ती खरोखर रांगत आली. घोट्याएवढी ज्योत, आम्ही दोन्ही बाजूंनी झाडू घेऊन तिच्याबरोबर मागे मागे सरकत होतो. पट्टा काळा झाल्यावर बाईंनी माझा हात धरून राखेखालच्या मातीत दाबला. माती थंड होती.

"बघ," त्या म्हणाल्या. एवढंच. मग तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

पुढचे काही हिवाळे हे असंच चाललं. एका उन्हाळ्यात पलीकडून आग आली, पट्ट्यापाशी थांबली आणि विझली. घळीत नवी रोपं आली होती, ती राहिली. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता तरी त्यांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "कुसुंबाचं एखादं आहे का त्यात?" नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात बाई आजारी पडल्या आणि उठल्या नाहीत. हॉस्पिटलात मी त्यांच्याजवळ बसले होते. बोलायला त्यांना श्वास पुरत नव्हता. त्यांनी विचारलं, यंदा पट्ट्याचं काय. मी म्हणाले, "करू की आम्ही. तुम्ही काळजी नका करू." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. मी ते वाक्य 'यात तुमचा काय दोष' सारखंच, पटकन म्हणून टाकलं होतं.

डिसेंबरात आम्ही गेलो. परवानगी होती, वनरक्षक तोच होता, आजीही आली होती. आम्ही सगळ्यांनी गवत कानाशी नेलं. एकाला ते बोलल्यासारखं वाटलं, एकाला गप्प. मला स्वतःचा श्वासच ऐकू येत होता. वनरक्षक काडी हातात धरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगा. लावू?"

खाली पाडा दिसत होता. आजीचा नवा गोठा दिसत होता. वरच्या बाजूला घळीतली रोपं. वाचून मला सगळं ठाऊक होतं. ते लेख मीच तर मागवले होते. एक शब्द म्हणायचा होता.

"थोडं थांबू या," मी म्हणाले.

ऊन वर आलं, दव गेलं, आम्ही उतरलो. जानेवारीत पुन्हा गेलो आणि पुन्हा तसंच झालं. वनरक्षकाने काडी पेटीत परत ठेवली. आजी उतरताना माझ्यापुढे चालत होती. ती म्हणाली, "ती बाय भ्यायची, पन लावायची." गटातले म्हणाले, सावध राहिलेलं बरं. यात तुमचा काय दोष?

थंडी आता संपली आहे. पट्टा जाळलेला नाही. गवत माझ्या कमरेच्या वर आहे आणि पूर्ण वाळलं आहे.