चिरेखाणीतली दुसरी गोळी

बाबा गेले तेव्हा गोव्यातल्या आमोणे गावचं घर, मागचं नारळ-सुपारीचं कुळागर आणि आजोबांचं रिव्हॉल्व्हर सांभाळायला मी एकटीच तिथे होते. लग्न केलं नव्हतं. डिचोलीच्या शाळेत शिकवत होते आणि बाबांचं आजारपण मीच काढलं होतं. माझा थोरला भाऊ, आमचा भाई, केव्हाच मोरजीला जाऊन राहिला होता. तिथे किनाऱ्याजवळ पाहुण्यांसाठी खोल्या आणि खाणावळ असं त्याचं बस्तान होतं. हत्याराचं लायसन वारसाने माझ्या नावावर करायचं, हे त्यानेच सुचवलं.

निवडणूक आली की लायसनवाल्यांनी आपापलं हत्यार पोलिसांत जमा करायचं असतं. बाकीचे लोक रानडुकरांसाठी ठेवलेल्या लांब बंदुका घेऊन यायचे आणि मी कापडी पिशवीत रिव्हॉल्व्हर. हवालदार दर वेळी विचारायचा, "बाई, चालतं का हे?" मला ठाऊक नव्हतं. बाबांनी ते कधी चालवलंच नाही. दसऱ्याला तेल लावून पुसायचे, हळदकुंकू वाहायचे आणि परत कपाटात. आजोबांकडे ते कुठून आलं असं विचारलं तर 'पोर्तुगीज राजवटीत मिळालं' यापलीकडे काही बोलायचे नाहीत.

मागच्या हिवाळ्यात भाई घरी आला आणि म्हणाला, हे नेमकं काय आहे ते एकदा जाणकाराला दाखवूया. मला बरं वाटलं. बाबांच्या कुठल्या तरी गोष्टीत त्याने इतक्या दिवसांनी लक्ष घातलं होतं. लायसन बरोबर घेऊन आम्ही दोघं चोर्ला घाटाने बेळगावला गेलो. तिथे बंदुकांची दुरुस्ती करणारे एक म्हातारे दुकानदार होते. त्यांनी हत्यार हातात घेतल्याबरोबर आधी काडतुसं भरायची चकरी फिरवून तिचं एकेक घर रिकामं असल्याचं पाहिलं, मग भिंग लावलं. लोखंडावर लंबगोलातली बारीक अक्षरं आणि वर मुकुट, असा शिक्का होता. बाबा त्याला फूल समजायचे. "हा बेल्जियमचा शिक्का," ते म्हणाले. "तिथे बनवून पोर्तुगीज फौजेला दिलेलं असावं. बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातलं आहे." मग ते आतल्या कामाच्या खोलीत गेले. खोली इतकी अरुंद होती की बरोबर एकच माणूस मावला असता. भाई गेला. मी बाहेर खुर्चीवर बसून राहिले.

बराच वेळ आतून हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. भाई बाहेर आला तो हसतच. "झालं. मारता येतं," तो म्हणाला. "फक्त काळ्या दारूची काडतुसं पाहिजेत, आजकालची चालत नाहीत. तेवढं सांभाळलं की झालं." दुकानदारांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात देताना "सांभाळून" म्हटलं. निरोप देताना कुणीही म्हणतं तसंच मला ते वाटलं.

काडतुसं भाईनेच कुठूनशी मिळवली. जागा मी ठरवली. आमच्या काजूंच्या उतारावर चिऱ्यांची एक बंद पडलेली खाण आहे, तिला तिन्ही बाजूंनी उभ्या भिंती. गोळी दगडावर आपटून उलटू नये म्हणून मी भाताच्या गोणींत माती भरून त्या समोर रचायला लावल्या. कानांत घालायला कापूस घेतला, डोळ्यांना बाबांचा जुना चष्मा. एका वेळी एकच काडतूस भरायचं, आणि मी सांगेपर्यंत कुणी पुढे यायचं नाही, असंही बजावून ठेवलं. शिक्षिकेचा स्वभाव, दुसरं काय.

त्या सकाळी भाई एकटा आला नाही. दर हिवाळ्यात त्याच्याकडे उतरणारे पुण्याचे एक निवृत्त साहेब आणि त्यांचे दोन स्नेही बरोबर होते. जेवणाचं आमंत्रण आहे असं म्हणाला. मी आणखी तिघांचा स्वयंपाक वाढवला आणि आम्ही खाणीत गेलो. रिव्हॉल्व्हर मी भाईपुढे धरलं. थोरला तो, पहिला मान त्याचा. तो दोन पावलं मागे सरला.

"बाय, लायसन तुझ्या नावाचं. तूच मारूक जाय."

मीच मारायला हवं, हे बोलणं कायद्याला धरून होतं. मला त्यात माया दिसली, खोटं कशाला सांगू. पाहुण्यांना घेऊन तो खाणीच्या तोंडाशी चिऱ्यांच्या अर्धवट भिंतीमागे जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, बरं झालं, सगळे आडोशाला आहेत.

पहिली गोळी गोणीत शिरली. धुराचा पांढरा लोळ उठला आणि भिंतीमागून टाळ्या ऐकू आल्या. दुसरं काडतूस भरलं, दोन्ही हातांनी धरलं, घोडा ओढला. या वेळी आवाज फाटका आला आणि डाव्या अंगठ्यावर कुणी तापलेला चिमटा लावावा तशी आग झाली. पाहिलं तर अंगठ्याच्या बुडाशी मांस फाटलं होतं आणि रक्त मनगटावरून खाली येत होतं. हत्यार मी टाकलं नाही, जमिनीवर नीट ठेवलं. साखळी गावच्या इस्पितळात डॉक्टरांनी जखमेतून शिशाचे बारीक तुकडे काढले. भाई बाहेर पाहुण्यांपाशी होता. साहेब म्हणत होते, "चाललं बुवा, मान गये." मोरजीला बसल्या बसल्या साहेबांनी म्हटलं होतं की असली जुनी लोखंडं चालत नाहीत, तेव्हा 'या, चालवूनच दाखवतो' असं भाईने त्यांना सांगितलं होतं, हे मला तिथे कळलं.

टाके निघाल्यावर मी एकटीच बेळगावला गेले. हत्यारात बिघाड कुठे झाला ते समजून घ्यायचं होतं, एवढंच. पट्टी बांधलेला हात पाहून दुकानदार खुर्चीतून उठले. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून त्यांनी नळीच्या तोंडातून पितळेची बारीक सळई आत घातली. काही घरांत ती सरळ उतरली, काहींत काठाला अडली.

"नळी आणि घर एका रेषेत येत नाहीत," ते म्हणाले. "गोळी काठावर खरवडते आणि शिसं बाजूला उडतं. मी हे त्या दिवशीच तुमच्या भावाला सळई घालून दाखवलं होतं. हातात धरून मारायचं नाही म्हटलं होतं. हट्टच असेल तर हत्यार शिकंज्यात आवळून, भिंतीमागून दोरीने घोडा ओढा म्हटलं. तुमच्या डोळ्यालाही लागलं असतं."

भिंत. भाईने त्यांचं सांगणं अर्धं पाळलं होतं, स्वतःपुरतं.

त्याच दुपारी घाट उतरून मी घरी न जाता मोरजीला गेले. तो गल्ल्यावर बसला होता. मी आवाज चढवला नाही. बेळगावला काय ऐकलं ते सांगितलं आणि तू मला का सांगितलं नाहीस, एवढं विचारलं. त्याने समोरची पाण्याची बाटली उगाच सरकवली.

"सांगितलं असतं तर तू मारलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. हे उत्तर पुरेसं आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. ते तोंड मला अजून दिसतं. त्याला माझा राग नव्हता, वैर नव्हतं. त्या सकाळी त्याच्या हिशेबात मी कुठे नव्हतेच.

लायसन सोडून देते असा अर्ज करून मी रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या हवाली केलं. आजोबांची वस्तू परस्पर घालवली म्हणून भाई नातेवाइकांत बोलत राहिला. चवथीला, गणपतीसाठी, तो कुटुंबासह येतो. मी त्याचं पान मांडते, वाढते, मुलांची विचारपूस करते. काही आणायचं असलं, न्यायचं असलं, तर आता त्याला सांगत नाही. अंगठा थंडीत आखडतो, बाकी हात चालतो.

यंदा पेडण्यात एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या केरीच्या एक बाई ओळख निघाल्यावर म्हणाल्या, "मोरजीच्या भाईंची बहीण ना तुम्ही? रिव्हॉल्व्हर चुकीचं धरलंत आणि हाताला लागलं, ते सांगत होते."

मी मान हलवली आणि वाढप्याकडे भात मागितला.