बांधात धरलेला चुना

होळीनंतरच्या सोमवारी, भर ग्रामसभेत पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी शांताकाकूंना वेड्यात काढलं. "तलावाचा बांध झिरपत नाही, म्हातारीला भास होतात." काकूंचं घर बांधाच्या पायथ्याशी, चूल रोज ओली. आम्ही गावकरी भांडलो, तेव्हा कुठे खात्यानं फटी बुजवायला बांधात चुन्याचं द्रावण सोडलं.

आता संशोधक रेवाताई मातीत सळया रोवून वीज सोडते. ओल्या फटींतून वीज सहज जाते. फटींत चुना धरला की अडते. आज मीटरवर अडथळा पुन्हा वाढला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"काकू, आत चुना धरतोय," रेवाताई म्हणाली.

"हंड्याला धरतो तसा? मग साहेबांना कळव, म्हातारीचा भास बुजला!"

बांधाच्या पोटातलं ऐकायला सळया लागतात. काकूंचं ऐकायला काय लागत होतं? तुमच्या गावात कुणी ओल सांगितली तर हसू नका. आधी जाऊन चूल बघा.