उलटा बसलेला स्लायडर

कुडव्याच्या कवडू मिस्त्रीचा मार मी खाल्लेला आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा असते. नुसती धुऊन हार घातला की भागत नाही. सकाळी अंगणात पेपर अंथरून जो तो मिस्त्री होतो. मीही झालो. कार्बोरेटर खोलला, पेट्रोलने धुतला, परत बसवला. गाडी सुरू झाली ती बोंबलतच. मूठ सोडली तरी रेस उतरेना. स्क्रू फिरवून फिरवून दमलो. पण गोरेगावला सासरी जेवण होतं, आणि मी ऐकतो कोणाचं? मागे बायको रेणू, पुढे टाकीवर चार वर्षांची आचल. ब्रेक दाबत निघालो. वाटेत कवडूचं दुकान लागलं, म्हटलं जरा रेस कमी करून घेऊ.

"घरी कोन खोलला?" नुसत्या आवाजावरून त्याने विचारलं.

"मीच. काऊन?"

रेणू उतरलीच होती. त्याने आधी आचलला उचलून खाली ठेवलं. मग माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी गाडीसकट आडवा. हातातल्या पान्याने त्याने हेडलाइट फोडला, झेंडूचा हार तुटून पडला. मी काही गाय नव्हे. उठलो आणि त्याचा ओठ फोडला. त्याने पाना धरलेल्या मुठीने माझं नाक फोडलं. रेणू ओरडत होती. मला तो त्या क्षणी मेलेला हवा होता, खोटं कशाला बोलू?

दुकानातून एक लंगडा माणूस आला आणि त्याने कवडूला कमरेतून आवळला. "बस कर, कवडू. पोरगी पाहून राहिली."

कवडू धापा टाकत खाली बसला आणि कार्बोरेटर खोलू लागला. आत एक गोल डबी वर-खाली सरकते, तिला स्लायडर म्हणतात. ती एका बाजूने कापलेली असते. उलटी बसली की पूर्ण खाली उतरत नाही, आणि मूठ सोडली तरी गाडी धावतच राहते. मी ती उलटी बसवली होती.

त्याची बायको शकुंतलाबाई माझ्या नाकावर पाणी ओतत होती. न विचारताच तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्याच सकाळी त्यांचा दुर्गेश आपट्याची पानं आणायला निघाला. पूजेच्या घाईत कार्बोरेटर कवडूनेच घरी धुऊन बसवला होता. वळणावर रेस उतरली नाही, पोरगा समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळला आणि जागीच गेला. लोकांनी ट्रॅक्टरवाल्याला खाली ओढलं. पहिला घाव बापाचा. याच पान्याने त्याने त्या माणसाचा गुडघा फोडला. संध्याकाळी पोराची गाडी खोलली, तर स्लायडर उलटा.

"आन् तो ट्रॅक्टरवाला?"

तिने लंगड्याकडे बोट दाखवलं. "हाच तो दुधराम."

दवाखान्यात कवडूने स्लायडर आणि पाना दुधरामच्या खाटेवर ठेवले होते, आणि "मार" म्हणाला होता. दुधरामने मारलं नाही. फुटक्या पायाने क्लच दाबता येईना, तेव्हा कवडूनेच त्याला दुकानात आणून बसवलं. तेव्हापासून दर दसऱ्याला कवडू पूजा झाली की पाना त्याच्यापुढे धरतो.

त्या दिवशीही धरला. पान्यावर माझं रक्त होतं. "आतातरी मार ना बा," कवडू म्हणाला. एवढा दांडगा माणूस, पण रडत होता.

दुधरामने पाना घेतला. धोतराच्या सोग्याने पुसला. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"त्याच दिवशी मारलो असतो," तो म्हणाला, "त तू त्याच दिवशी सुटला असता."

कवडूने स्लायडर सुलटा बसवला, किक मारली, स्क्रू अर्धा आटा फिरवला. इंजिन एकसारखं, शांत चालू लागलं.

गोरेगावला आम्ही एसटीने गेलो.